एम ८२ मधले दोन ठिपके : क्ष-किरण आणि रेडिओ नकाशे जुळवताना पडलेला प्रश्न

गच्चीवरून (धागाकर्ता)

सप्तर्षींमधल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेषा ओढून ती तेवढीच पुढे वाढवली, की लहान दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात एम ८१ आणि एम ८२ या दोन दीर्घिका सापडतात. दोन्ही आपल्यापासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. एम ८२ माझ्या सहा इंची दुर्बिणीतून, शहराच्या उजेडात, पांढुरक्या पुसट रेघेपेक्षा अधिक काही दिसत नाही. परंतु तिच्या गाभ्यात तारे अतिशय वेगाने जन्माला येत आहेत, आणि त्यामुळे मृत ताऱ्यांचे अवशेषही तिथे दाटीवाटीने आहेत.

मागच्या पावसाळ्यात गच्चीवरचे निरीक्षण बंद पडले, तेव्हा मी चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या संग्रहातून एम ८२ ची एक जुनी नोंद उतरवून घेतली. हा संग्रह कोणालाही विनाशुल्क उपलब्ध आहे. प्रत्येक क्ष-किरण कण केव्हा आला, कुठे आला आणि त्याची ऊर्जा किती होती, यांची ती लांबलचक यादी असते, आणि तिच्यापासून चित्र आपणच बनवायचे असते. गाभ्याजवळ काही ठिपके स्पष्ट दिसले आणि त्यांतला एक फारच तेजस्वी निघाला. त्यानंतर मी नव्वदच्या दशकातला एक रेडिओ नकाशा मिळवला, ज्यात अशाच ठिपक्यांची ओळ आहे, आणि तो पारदर्शक करून क्ष-किरण चित्रावर ठेवला. सर्वांत तेजस्वी क्ष-किरण ठिपका आणि सर्वांत तेजस्वी रेडिओ ठिपका नेमके एकमेकांवर आले.

माझा प्रश्न असा आहे. एकाच जागेवरून तीव्र क्ष-किरण आणि तीव्र रेडिओ लहरी येत असतील, तर तिथे कृष्णविवर आहे असे म्हणता येईल का? आणि म्हणता येत नसेल, तर ते म्हणण्यासाठी आणखी काय लागते?

साधी शंका

विषयात नवखा असल्याने आधी एक विचारतो. कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग हे किरण कोठून येतात?

क्षकिरण

विवरातून नव्हे, विवराच्या उंबरठ्याबाहेरून येतात. शेजारच्या ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो, पण तो सरळ आत पडू शकत नाही. त्याची भोवऱ्यासारखी तबकडी बनते. आतल्या कडेला ती घर्षणाने कोट्यवधी अंशांपर्यंत तापते आणि क्ष-किरण सोडते. रेडिओ लहरींचा उगम वेगळा आहे. या वायूपैकी थोडा भाग तबकडीच्या अक्षाच्या दिशेने, प्रकाशाच्या जवळपास वेगाने, झोताच्या रूपाने बाहेर फेकला जातो आणि त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. मात्र हे सर्व न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीही, म्हणजे मृत ताऱ्याच्या अतिशय दाट गाभ्याभोवतीही, घडू शकते, आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाची खरी अडचण तीच आहे.

अँटेना

उत्तराआधी एक प्रतिप्रश्न. आपण दोन्ही चित्रे एकमेकांवर कशाच्या आधाराने बसवली? रेडिओ नकाशावरचे निर्देशांक बी १९५० या जुन्या पद्धतीचे होते की जे २००० या नव्या पद्धतीचे?

विचारण्याचे कारण सांगतो. एम ८२ मधल्या रेडिओ ठिपक्यांची नावे मोठी मजेदार आहेत. उदाहरणार्थ, ज्या ठिपक्याबद्दल आपण बोलत असावात, त्याचे नाव ४१.९५+५७.५ असे आहे. ते नाव म्हणजे १९५० च्या पद्धतीतला त्याचा पत्ताच आहे: विषुवांश ९ तास ५१ मिनिटे ४१.९५ सेकंद, क्रांती ६९ अंश ५४ कला ५७.५ विकला. (विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश; अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला.) सर्व ठिपके एकाच गल्लीतले असल्यामुळे पुढचा भाग गाळून फक्त घरक्रमांक लिहितात. चंद्रा दुर्बिणीचे चित्र 'जे २०००' पद्धतीत असते. मधल्या ५० वर्षांच्या संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, त्याच जागेचे आकडे बदलतात, आणि हा हिशेब न करता केलेली जुळणी ग्राह्य धरता येत नाही.

गच्चीवरून (धागाकर्ता)

प्रामाणिकपणे सांगतो. रेडिओ नकाशा मी एका शोधनिबंधातल्या आकृतीवरून घेतला होता. त्याच्या कडेला केवळ सेकंद आणि विकला छापलेल्या होत्या. प्रमाण जुळवून घेतले आणि मग दोन्ही चित्रांतले सर्वांत तेजस्वी ठिपके एकमेकांवर येईपर्यंत नकाशा सरकवत नेला. हे लिहीत असतानाच माझ्या लक्षात आले, की जे सिद्ध करायचे तेच मी आधी गृहीत धरून बसलो होतो.

अँटेना

हरकत नाही, ही चूक पुष्कळांच्या हातून होते. पण तिच्या निमित्ताने थोडा हिशेब मांडतो, कारण या विषयातले निम्मे काम ठिकाणाची खातरजमा करण्याचेच असते.

एम ८२ च्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ५५ प्रकाशवर्षे. चंद्राच्या चित्रातला एक चौकोन साधारण अर्ध्या विकलेचा असतो आणि तिने दिलेले ठिकाण बहुतेक वेळा एका विकलेच्या आत बरोबर असते. आजवरच्या क्ष-किरण दुर्बिणींत याहून तीक्ष्ण नजर कोणाचीच नाही. तरीही 'बरोबर ठिकाण' याचा अर्थ इथे कित्येक प्रकाशवर्षांचा परिसर असाच होतो, आणि एवढ्या परिसरात एम ८२ च्या गाभ्यात असंख्य तारे असतात.

आता योगायोगाने होणाऱ्या जुळणीकडे पाहू. गाभ्यातल्या साधारण ६० विकला लांब आणि १५ विकला रुंद पट्ट्यात, म्हणजे ९०० चौरस विकलांत, सुमारे ५० संहत रेडिओ ठिपके आहेत. 'दोन विकलांच्या आत आले तर जुळले' असा नियम आपण लावला, तर प्रत्येक ठिपक्याभोवती साडेबारा चौरस विकलांचे वर्तुळ येते. अशी ५० वर्तुळे काढली, तर ती एकमेकांवर चढतात हे धरूनही जवळजवळ अर्धा पट्टा व्यापला जातो. डोळे मिटून पट्ट्यावर कुठेही बोट ठेवले, तरी ते दोनांतून एकदा कुठल्या ना कुठल्या रेडिओ ठिपक्याशी 'जुळेल'. म्हणून क्ष-किरणांची संपूर्ण यादी मुद्दाम दहा-दहा विकला निरनिराळ्या दिशांना सरकवून खोट्या जुळण्या मोजण्याची पद्धत आहे. खऱ्या जुळण्या त्यांच्यापेक्षा लक्षणीय जास्त भरल्या, तरच पुढचे बोलायचे.

क्षकिरण

ठिकाण पक्के झाले असे धरून पुढची पायरी सांगतो. जवळच्या दीर्घिकेच्या दिशेने दिसणारा प्रत्येक क्ष-किरण ठिपका त्या दीर्घिकेचा असतोच असे नाही. काही ठिपके आपल्याच आकाशगंगेतल्या, वाटेत आलेल्या ताऱ्यांचे निघतात. त्यांना दृश्य प्रकाशातला जोडीदार आणि मोजता येण्याजोगी गती असते, त्यामुळे ते लवकर ओळखू येतात. काही ठिपके मागच्या बाजूला, अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसारांचे, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांचे, असतात, आणि हे फसवे असतात, कारण तेही क्ष-किरण आणि रेडिओ दोन्ही सोडतात. धागाकर्त्यांची 'दोन्ही एकाच जागी' ही कसोटी लावली, तर सर्वांत आधी हाती लागेल तो मागचा क्वेसारच. त्याच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या आहेत (ताम्रसृती) हे मोजले, की तो वेगळा काढता येतो.

उरलेल्यांत तेजाचा विचार येतो. एखाद्या वस्तूवर वायू कोसळत असताना तिचाच प्रकाश त्या वायूला बाहेर ढकलत असतो. त्यामुळे वस्तुमानाच्या प्रमाणात तेजाला एक मर्यादा पडते. तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. सूर्याच्या तेजाच्या सुमारे अडीच लाख पट क्ष-किरण तेज असलेला ठिपका या मर्यादेत बसवायचा, तर त्याचे वस्तुमान किमान सात-आठ सूर्यांएवढे हवे, आणि न्यूट्रॉन तारा तीन सूर्यांच्याही आतच असतो. यावरून बराच काळ सरळ निष्कर्ष काढला जाई, की एवढे तेज आहे म्हणजे कृष्णविवर आहे, आणि तेज त्याच्याही शंभर पट असेल तर ते शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाचे 'मध्यम' कृष्णविवर आहे.

हा निष्कर्ष एम ८२ मध्येच कोसळला, आणि तोही योगायोगाने. २१ जानेवारी २०१४ रोजी या दीर्घिकेत एक अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसला. त्याचे क्ष-किरण पाहण्यासाठी नूस्टार दुर्बीण बराच काळ तिकडे रोखून ठेवण्यात आली. त्या दीर्घ नोंदीत, दर १.३७ सेकंदांनी येणारे स्पंद सापडले. ते एक्स-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिपक्यातून येत होते, ज्याला तोवर कृष्णविवराचा उमेदवार समजले जात होते. असे नियमित स्पंद स्वतःभोवती फिरणाऱ्या, चुंबकीय, घन पृष्ठभाग असलेल्या वस्तूतूनच येतात. कृष्णविवराला पृष्ठभागच नसतो. म्हणजे तो न्यूट्रॉन तारा होता, आणि त्याचे तेज त्याच्या एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे शंभर पटीपर्यंत जात होते. पुढे एनजीसी ७७९३ आणि एनजीसी ५९०७ या दीर्घिकांतल्या अशाच अतितेजस्वी ठिपक्यांतूनही स्पंद मिळाले. तेव्हापासून केवळ तेजावरून कोणी 'कृष्णविवर' म्हणू लागले, की मी आधी विचारतो, स्पंद शोधले होते का? आणि 'स्पंद सापडले नाहीत' याला पुरावा मानू नये, कारण ते येतात आणि जातात.

साधी शंका

मग धागाकर्त्यांचा तेजस्वी ठिपका तो हाच का?

क्षकिरण

नाही, तो शेजारचा एक्स-१ असणार. दोघांमध्ये पाचच विकलांचे अंतर आहे. नूस्टारला ते दोन वेगळे दिसत नाहीत. स्पंद कोणाचे, हे ठरवण्यासाठी चंद्राची तीक्ष्ण नजर लागली. एक्स-१ ची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तेजात सेकंदाला ३.३ आणि ५.१ वेळा होणारी अर्धनियमित थरथर २०१४ मध्येच प्रसिद्ध झाली. त्यांचे प्रमाण ३:२ आहे, आणि आपल्या आकाशगंगेतल्या काही कृष्णविवरांमध्ये असेच जोड आढळतात, फक्त त्यांच्या वारंवारता शेकड्यांत असतात. वस्तुमान जेवढे मोठे तेवढी थरथर संथ, या नियमाने एक्स-१ चे वस्तुमान सुमारे ४०० सूर्य निघते. माझ्या मते मध्यम कृष्णविवराच्या बाजूचा तो आजचा सर्वांत चांगला पुरावा आहे, पण तो तुलनेवर उभा आहे. त्याला कोणी तराजूत घातलेले नाही.

धागाकर्त्यांना एक व्यवहारातली सूचना. एवढ्या तेजस्वी ठिपक्यातून दोन कण जवळजवळ एकाच वेळी त्याच चौकोनात पडतात आणि उपकरण त्यांना अधिक ऊर्जेचा एकच कण म्हणून मोजते. त्यामुळे वर्णपट खोटाच जास्त ऊर्जेकडे झुकलेला दिसतो. आपल्या नोंदीत हा ठिपका दृष्टिक्षेत्राच्या मध्याजवळ असेल, तर त्याच्या वर्णपटावरून निष्कर्ष काढू नये.

अँटेना

रेडिओची बाजू कमी लेखली जाऊ नये, म्हणून थोडे मागे जातो. हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ हा क्ष-किरण उगम १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांनी सापडला होता, पण तेव्हाच्या ढोबळ ठिकाणात अनेक तारे बसत होते. १९७१ च्या वसंतात त्याचे क्ष-किरण एकाएकी बदलले, आणि त्याच सुमारास त्या भागात पूर्वी नसलेला रेडिओ उगम प्रकट झाला. रेडिओने ठिकाण विकलेपर्यंत अचूक दिले आणि तिथे एचडीई २२६८६८ हा निळा महातारा सापडला. त्याची दर ५.६ दिवसांनी होणारी ये-जा मोजल्यावर त्याचा अदृश्य जोडीदार कृष्णविवर असल्याचे दिसले. २०२१ मध्ये रेडिओनेच त्याचे अंतर सुधारून सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे केले, आणि विवराचे वस्तुमान २१ सूर्यांपर्यंत वाढले. इथे जागा एक होती एवढ्यावर भागले नाही. दोन्ही एकाच वेळी बदलले, हा जास्त बळकट पुरावा होता.

परदीर्घिकांमध्येही हेच सूत्र चालते. २०१२ च्या जानेवारीत देवयानी दीर्घिकेत एक क्ष-किरण उगम उसळला. त्याच्यावर रेडिओ दुर्बिणी रोखल्या, तेव्हा त्याचे रेडिओ तेज तासाभराच्याही आत बदलताना दिसले. जे इतक्या थोड्या वेळात बदलते, ते आकाराने फार मोठे असूच शकत नाही. प्रकाश जेवढ्या वेळात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, त्याहून जलद संपूर्ण वस्तू बदलू शकत नाही. अतिनवताऱ्याचा अवशेष कित्येक प्रकाशवर्षे रुंद असतो, त्यामुळे तो पर्याय तिथेच बाद झाला. तो २५ लाख प्रकाशवर्षांवरचा झोत होता.

आता आपल्या ४१.९५ बद्दल. तो नव्वदच्या दशकात सर्वांत तेजस्वी होता, पण दरवर्षी आठ-नऊ टक्क्यांनी मंद होत आला आहे. एम ८२ मधले बहुतेक रेडिओ ठिपके अतिनवताऱ्यांचे अवशेष आहेत: दूरदूरच्या अँटेना जोडून पाहिले, तर पसरत जाणारे कवच दिसते, आणि वारंवारता वाढेल तसे तेज ठरावीक उताराने घटते. काही ठिपके नवजात ताऱ्यांभोवतीच्या तप्त वायूचे आहेत. त्यांचा उतार जवळजवळ सपाट असतो. झोताच्या मुळाचा उतारही सपाटच असतो, म्हणून उतारासोबत आकारही पाहावा लागतो. तप्त वायू दहा हजार अंशांच्या आसपास असतो आणि त्याहून उजळ होऊ शकत नाही. अतिशय लहान जागेतून लाखो अंशांच्या वायूएवढा उजेड आला, तर तो वायू नव्हे. ४१.९५ कवचासारखा दिसत नाही, दोन टोकांचा दिसतो, आणि त्याची नेमकी ओळख अजून वादातच आहे. शिवाय नकाशा एका दशकातला आणि क्ष-किरण दुसऱ्या दशकातले, अशी तुलना बदलत्या वस्तूंच्या बाबतीत लंगडी पडते.

जुना वाचक

ही सगळी वगळण्याची प्रक्रिया झाली. वस्तुमान मोजल्याशिवाय 'कृष्णविवर' हा शब्द वापरू नये, असे माझे मत आहे. एम ३३ दीर्घिकेतला एक्स-७ घ्या. जोडीदार ताऱ्याच्या आड गेल्यावर त्याला दर ३.४५ दिवसांनी ग्रहण लागते, त्यामुळे कक्षेचा कल निश्चित झाला आणि २००७ मध्ये त्याचे वस्तुमान १५.६५ सूर्य असे जाहीर झाले. याला म्हणतात ओळख.

क्षकिरण

तत्त्वतः मान्य. पण त्याच एक्स-७ चे वस्तुमान २०२२ च्या नव्या विश्लेषणात सुमारे ११.४ सूर्य निघाले, कारण जोडीदार तारा समजला होता त्यापेक्षा बराच हलका ठरला. कृष्णविवर कायम राहिले, आकडा राहिला नाही. आयसी १० दीर्घिकेतल्या एक्स-१ ची दशा याहून बिकट आहे. त्याचे वस्तुमान एकेकाळी २३ ते ३३ सूर्य असे सांगितले जाई. पुढे लक्षात आले, की ज्या हेलियमच्या रेषेवरून ताऱ्याचा वेग मोजला, ती रेषा ताऱ्याची नसून त्याच्या वाऱ्याची होती: वेगाचा आलेख आणि क्ष-किरणांचे ग्रहण एकमेकांशी पाव फेरीने विसंगत होते. तारा समजून वाऱ्याला तोलले गेले. आता तिथे न्यूट्रॉन तारा असण्याची शक्यताही खुली आहे. तेव्हा तराजूही तपासूनच घ्यावा लागतो.

जुना वाचक

आयसी १० चे मला माहीत नव्हते. मुद्दा मागे घेत नाही, पण त्याची धार कमी करतो. मग ज्या दीर्घिकांत जोडीदार तारा दिसण्याची शक्यताच नाही, तिथे काय करतात? हेनाइझ २-१० बद्दल मध्यंतरी उलटसुलट वाचले होते.

अँटेना

तो या धाग्यासाठी अगदी योग्य दाखला आहे. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरची ती बटू दीर्घिका आहे. २०११ मध्ये एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी तिच्या मध्याजवळ रेडिओ आणि क्ष-किरण एकाच जागी दाखवले, आणि त्यावरून सुमारे दहा लाख सूर्यांचे कृष्णविवर सुचवले. हे वस्तुमान ज्या संबंधावरून काढले, तो २००३ मध्ये मांडला गेला: क्ष-किरण तेज, रेडिओ तेज आणि वस्तुमान ही तिन्ही, दहा सूर्यांच्या विवरापासून अब्जावधी सूर्यांच्या विवरापर्यंत, त्यांचा त्रिमितीय आलेख काढला तर, ढोबळमानाने एकाच प्रतलावर पडतात. त्यातली मेख अशी, की वस्तुमान जितके मोठे, तितके त्याच क्ष-किरण तेजाला रेडिओ अधिक मिळते. पण या प्रतलाची जाडी बरीच आहे; एका उगमासाठी उत्तर सहज दहा पटींनी चुकू शकते. शिवाय उगम कृष्णविवरच आहे, हे त्यात आधीच धरलेले असते. अतिनवताऱ्याचा अवशेष त्यात घातला, तरी ते सूत्र बिनतक्रार एक वस्तुमान काढून देईल!

आक्षेप नेमका तोच आला. ते दोन्ही किरण अवशेषाचेही असू शकतात, असे २०१९ मध्ये मांडले गेले. दूरस्थ अँटेना जोडून रेडिओ उगम दहा प्रकाशवर्षांच्या आत असल्याचे आधीच दिसले होते, पण तरुण अवशेषही तेवढा लहान असू शकतो. २०२२ मध्ये हबलच्या वर्णपटांनी पारडे झुकवले. त्या ठिकाणापासून सुमारे ५०० प्रकाशवर्षे लांब वायूचा एक धागा निघून तारे जन्मत असलेल्या भागाला मिळतो, आणि त्या धाग्यातल्या वायूचा वेग नागमोडी बदलतो, जसा डोलणाऱ्या झोताने ढकललेल्या वायूचा बदलावा. एका अवशेषाला इतका लांब, सरळ धागा ओढता येत नाही. मला हा पुरावा पटतो. क्षकिरण यांचे मत वेगळे असू शकेल.

क्षकिरण

वेगळे नाही.

साधी शंका

हे आपल्याकडून पाहता येते का? खोडदला विज्ञान दिनाला गेलो होतो, तेव्हा त्या ४५ मीटरच्या तबकड्या जवळून पाहिल्या होत्या.

अँटेना

खोडदची ती रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, कमी वारंवारतांवर काम करते, त्यामुळे उताराचे खालचे टोक तिथून मिळते, आणि अवशेष की तप्त वायू हे ओळखण्यात तेच टोक उपयोगी पडते. मात्र ३० अँटेनांचा पसारा २५ किलोमीटरचा असल्यामुळे तिची नजर विकलांच्या घरात आहे. एम ८२ च्या गाभ्यातली गर्दी सुटी करायला शेकडो किलोमीटरचा पसारा लागतो. अ‍ॅस्ट्रोसॅटची, म्हणजे भारताच्या अवकाशातल्या वेधशाळेची, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडवलेली, क्ष-किरण उपकरणे वेळेच्या बारकाव्यासाठी उत्तम होती, पण एक्स-१ आणि एक्स-२ त्यांना वेगळे दिसणे शक्यच नव्हते.

गच्चीवरून (धागाकर्ता)

दोन रात्री बसून सगळे पुन्हा केले. या वेळी चित्र सरकवले नाही. ४१.९५+५७.५ चा पत्ता नव्या पद्धतीत आणला, तेव्हा तो ९ तास ५५ मिनिटे ५०.६९ सेकंद आणि ६९ अंश ४० कला ४३.७ विकला असा आला, आणि त्या जागी चंद्राच्या चित्रावर फुली मारली.

फुली एक्स-१ वर पडली नाही. ती त्याच्या आग्नेयेला सुमारे चार विकलांवर, म्हणजे सव्वादोनशे प्रकाशवर्षांच्या आसपास पडली. पलीकडे अडीच विकलांवर एक्स-२ आहे. माझा रेडिओ ठिपका दोन्ही क्ष-किरण ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोघांपैकी कोणाचाही नसलेला, बसला आहे.

अँटेना

चार विकलांचे हे अंतर चंद्रा दुर्बिणीच्या संभाव्य चुकीच्या मर्यादेबाहेर आहे, त्यामुळे हे मान्य करायला हरकत नाही. आता बाकीच्या ठिपक्यांचे पत्तेही असेच बदलून घ्या, आणि जुळणीचे वर्तुळ दोन विकलांचे न ठेवता एकाचे ठेवा.

गच्चीवरून (धागाकर्ता)

यादी सुरू केली आहे. सतरा झाले.